भावाला हृदयाच्या तपासण्या, मला फक्त ‘वजन उतरवा’: मेटाबॉलिक सिंड्रोम बाईत आणि पुरुषात

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझं वय ५१, धाकट्या भावाचं ४८. दोघांनी एकाच दिवशी तपासण्या केल्या. कंबर माझी ८९ सेंटिमीटर, त्याची ९८. उपाशीपोटी साखर माझी १०८, त्याची १०६. ट्रायग्लिसराइड्स माझे १८५, त्याचे २१०. एचडीएल माझं ४४, त्याचं ३७. बीपी दोघांचं १३४/८६ च्या आसपास. भावाला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे म्हणून लगेच हृदयाच्या तपासण्या सांगितल्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन सुरू केली. मला मात्र “पाळी गेल्यावर असं होतंच, वजन उतरवा” एवढंच सांगितलं. बायकांना हार्मोन्समुळे हृदयविकारापासून संरक्षण असतं ना? पाळी थांबून दीड वर्ष झालं. बाकी आजार काही नाही. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यानंतर बीपी वाढलं होतं, चेहऱ्यावर सूज होती, लघवीतून प्रथिनं जात होती, पण बाळंतपणानंतर ते सगळं गेलं. भावाची अ‍ॅस्पिरिन मीही सुरू करू का?’

अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने सुरू करू नका. कारण पुढे सांगतो. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ‘बाकी आजार काही नाही’ असं लिहून झाल्यावर, जाता जाता लिहिलंय. गरोदरपणातल्या त्या बीपीकडे मला सविस्तर यायचं आहे. आधी आकडे पाहू.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारे बिघाड एकत्र येणं. तो ठरवताना पाच गोष्टी बघतात: कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), बीपी आणि उपाशीपोटीची साखर. पाचपैकी तीन बिघडलेल्या असल्या की सिंड्रोम आहे असं म्हणतात. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, बीपी १३०/८५ किंवा जास्त, साखर १०० किंवा जास्त, या तीन मर्यादा बाईला आणि पुरुषाला सारख्याच आहेत. उरलेल्या दोन वेगळ्या आहेत आणि गफलत तिथेच होते. एचडीएल पुरुषात ४० च्या खाली गेलं की कमी समजतात, बाईत ५० च्या खाली गेलं की. कंबरेची मर्यादा वंशानुसार बदलते. दक्षिण आशियाई लोकांसाठी ती पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. एचडीएल ४४. कित्येक रिपोर्टांवर त्यासमोर सरसकट ‘४० च्या वर’ एवढंच छापलेलं असतं, त्यामुळे हा आकडा ठळक होत नाही आणि नजर पुढे सरकते. कंबर ८९, म्हणजे पुरुषाच्या मर्यादेच्या एक सेंटिमीटर आत. पुरुषाच्या मोजपट्टीने बघितलं तर तुमच्या पाचपैकी तीनच गोष्टी बिघडलेल्या दिसतात. बाईच्या मोजपट्टीने पाचच्या पाच. तुमचा भाऊही पाचपैकी पाच. म्हणजे कागदावर तुम्ही दोघं एकाच पायरीवर उभे आहात, आणि तुम्हाला दिलेला सल्ला अपुरा होता.

कंबर मोजण्याबद्दल इथेच सांगून टाकतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, कपड्यावरून नाही तर त्वचेवर, श्वास सहज सोडून झाल्यावर लावायचा. टेप दिसला की पोट आपोआप आत जातं, म्हणून मी दोन गोष्टी बोलत बोलत मोजतो. पुरुषांना विचारलं तर ते पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे चौतीसची पँट घालणाऱ्या माणसाचा घेर टेपवर चाळीस इंच भरलेला मी पाहिला आहे.

आता संरक्षणाचा प्रश्न. तो शब्द अर्धा खरा आहे, आणि त्या अर्धवटपणाने बायकांचं फार नुकसान केलं आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, बायकांना पहिला हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा आलेला दिसला. उशिरा आला. टळला नव्हता. त्याच अभ्यासात धोक्याची कारणं दोघांत तीच निघाली, पण बीपी, मधुमेह, व्यायाम या गोष्टींचा परिणाम बायकांमध्ये जास्त ठळक होता.

हा उशीर कशामुळे होतो? बऱ्याच अंशी चरबी कुठे साठते यामुळे. फ्रेंच डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं की लठ्ठपणा दोन तऱ्हांचा असतो, एक पोटावरचा आणि एक नितंब-मांड्यांवरचा, आणि मधुमेह, धमन्यांचे आजार हे पहिल्याच्या वाट्याला जास्त येतात. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन जास्तीची चरबी मांड्यांत, नितंबांत, त्वचेखाली नेऊन ठेवतं. ती जागा सुरक्षित कोठारासारखी आहे. पुरुषाच्या शरीरात हे कोठार लहान. त्याची जास्तीची चरबी तरुणपणापासूनच पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात जाते. पोटातल्या या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर जास्त सोडतं, ट्रायग्लिसराइड्स जास्त बनवतं, आणि एचडीएल घसरतं. तुमच्या भावाच्या रिपोर्टात नेमकं हेच दिसतंय. पुरुषांना बायकांपेक्षा कमी वजनावर मधुमेह होतो त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पाळी जाण्याच्या काळात बाईचं कोठार बंद होत जातं. वजनकाटा तोच आकडा दाखवतो, पण कपडे कमरेला घट्ट होतात. ‘खाणं तेच, वजन तेच, पोट मात्र सुटलं’ असं सांगणाऱ्या बाईवर घरचे विश्वास ठेवत नाहीत, कधी कधी डॉक्टरही ठेवत नाहीत. ती अगदी खरं सांगत असते. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसुद्धा चढतं. म्हणून ‘पाळी गेल्यावर असं होतंच’ हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या अर्थाची. होतंच म्हणून सोडून द्यायचं नसतं. होतं म्हणूनच त्या वयात लक्ष जास्त द्यायचं असतं. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली, आपोआप किंवा अंडाशयं काढल्यामुळे, त्यांच्या बाबतीत तर आणखीनच.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेटाबॉलिक बिघाड स्वतःच हे संरक्षण हिरावून घेतो. मधुमेहाचा सगळ्यात चांगला पुरावा २०१४ साली आला. ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की मधुमेह असलेल्या पुरुषाला, मधुमेह नसलेल्या पुरुषाच्या तुलनेत, हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका २.१६ पट होतो. मधुमेही बाईला, मधुमेह नसलेल्या बाईच्या तुलनेत, २.८२ पट. याचा अर्थ मधुमेही बाईचा धोका मधुमेही पुरुषापेक्षा जास्त असतो असा नव्हे. त्याच वयाच्या पुरुषाचा एकूण धोका बहुतेक वेळा जास्तच असतो. अर्थ एवढाच की दोघांमधलं अंतर कमी होतं, बाईला मिळालेली सवलत वेगाने आटते. सिगारेटचंही तसंच: तेवढ्याच धूम्रपानाने बाईचा धोका पुरुषापेक्षा साधारण पाव पटीने जास्त वाढतो.

असं का होतं, यावर मला पटणारं स्पष्टीकरण हे आहे. बाईला मधुमेहापर्यंत पोचायला जास्त लांबचा रस्ता चालावा लागतो. वजन जास्त वाढावं लागतं, बीपी आणि चरबीचे आकडे अधिक बिघडावे लागतात. त्यामुळे निदान होतं त्या दिवशी तिच्या धमन्यांनी बरीच वर्षं सोसून झालेलं असतं. तुमची साखर १०८ आहे, म्हणजे मधुमेह नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. तुम्ही त्या रस्त्यावर आहात आणि अजून वळता येतं.

आता गरोदरपणातलं बीपी. तुम्ही वर्णन केलंय त्याला प्री-एक्लाम्प्शिया म्हणतात. गरोदरपण ही हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची कसोटी असते. रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय जास्त काम करतं, शरीर इन्सुलिनला थोडं जुमानेनासं होतं. या कसोटीत ज्या बाईचं बीपी वाढलं किंवा साखर वाढली, तिच्या रक्तवाहिन्यांचा किंवा स्वादुपिंडाचा कमकुवतपणा पंचवीस-तीस वर्षं आधीच उघड झालेला असतो. प्री-एक्लाम्प्शिया होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन साखर तपासायची आणि पुढे एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं, असं सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात त्या काळात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. बाळाचं वजन दर खेपेला होतं, आईचं बीपी मोजायचं राहून जातं.

मी स्वतः सरावाची पहिली कित्येक वर्षं पन्नाशीच्या बाईला बाळंतपणांबद्दल विचारत नव्हतो. तो विषय स्त्रीरोगतज्ज्ञांचा, माझा नाही, असं वाटायचं. एकदा एक शिक्षिका धाप लागते म्हणून आल्या. ईसीजी ठीक होता. उठता उठता त्यांनी कागदांच्या पिशवीतून एक पिवळं पडलेलं, घड्या फाटलेलं बाळंतपणाचं कार्ड काढलं आणि म्हणाल्या, ‘हे कुणी कधी बघितलंच नाही, मी आपली जपून ठेवलंय.’ त्यावर बीपी १६०/११० लिहिलेलं होतं, बावीस वर्षांपूर्वीचं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर बायकांसाठी चार जास्तीच्या ओळी आहेत: पाळी कधी आली आणि कधी गेली, पीसीओएस (अंडाशयांचा आणि हार्मोन्सचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) होतं का, गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली का, बाळ फार लवकर जन्मलं का. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही आपण होऊन सांगा. प्री-एक्लाम्प्शिया आणि लवकर गेलेली पाळी या दोन्ही गोष्टी आता धोका वाढवणाऱ्या बाबी म्हणून उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहेत. औषध द्यावं की थांबावं असा प्रश्न पडतो तेव्हा पारडं त्यांनी झुकतं.

पीसीओएसचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मला आजही विलक्षण वाटते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी समजलं जाणारं हार्मोन बाईत जास्त असेल तर मेटाबॉलिक सिंड्रोमची शक्यता वाढते. पुरुषात कमी असेल तर वाढते. एकच हार्मोन, परिणाम उलटे. पोट सुटलेल्या पुरुषात चरबीच टेस्टोस्टेरॉन खाली आणते, आणि टेस्टोस्टेरॉन उतरलं की पोट आणखी वाढतं. वजन उतरलं की ते बऱ्याच जणांत आपोआप वर येतं. त्यासाठी इंजेक्शनांच्या मागे लागू नये, हे भावाला सांगा.

भावासाठी आणखी एक. पुरुष हे बहिणीला सांगणार नाही, डॉक्टरलाही विचारल्याशिवाय सांगत नाही: लैंगिक ताठरता कमी होणं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तोच आजार तिथे आधी दिसतो. छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली असते. याला लाजेचा विषय समजून गुपचूप दुकानातून गोळी आणणं धोक्याचं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर त्या गोळीने बीपी जीवघेणं कोसळू शकतं. तो वाचत असेल तर त्याने ही तक्रार हृदयाचीच समजून सांगावी.

आता अ‍ॅस्पिरिन. डॉक्टर मंडळींवर झालेला एक मोठा अमेरिकन अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिनने पहिला हार्ट अटॅक टळतो असं त्यात दिसलं. भाग घेणारे २२ हजार जण होते आणि सगळेच्या सगळे पुरुष. निष्कर्ष मात्र सगळ्यांना लागू धरला गेला. बायकांवरचा तसाच अभ्यास, जवळजवळ ४० हजार जणींचा, २००५ मध्ये आला. त्यात अ‍ॅस्पिरिनने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पक्षाघात थोडे कमी झाले. आज हृदयविकार झालेलाच नाही अशा माणसाला, बाई असो की पुरुष, अ‍ॅस्पिरिन सरसकट देत नाहीत, कारण पोटातल्या रक्तस्रावाचा धोका फायदा खाऊन टाकतो. म्हणून तुम्ही ती घेऊ नका, आणि भावानेही ‘मला ती नेमकी कशासाठी?’ हे पुढच्या भेटीत विचारावं. त्याला छातीत दुखण्याचा त्रास असेल, स्टेंट असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी न विचारता बंद करणंही चूक.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचं तसं नाही. पावणेदोन लाख लोकांच्या एकत्रित माहितीवरून २०१५ मध्ये दिसलं की सारखाच धोका असलेल्या बाईला आणि पुरुषाला तिचा फायदा सारखाच होतो. तुमचं एलडीएल तुम्ही लिहिलेलं नाही. ते, वय, बीपी आणि गरोदरपणाचा इतिहास एकत्र मांडून तुमच्या डॉक्टरांनी स्टॅटिनचा निर्णय घ्यायला हवा. नको ठरलं तरी चालेल. पण प्रश्न टेबलावर आला पाहिजे.

हार्मोन्सच्या गोळ्यांनी ते संरक्षण परत मिळवता येईल का, असं पुष्कळ जणी विचारतात. तसं वाटणं साहजिक होतं, आम्हालाही वाटायचं. पण २००२ मध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा मोठा अमेरिकन अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग, हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढताना दिसले. त्यातल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या होत्या, त्यामुळे पाळी नुकतीच गेलेल्या बाईला अंगातून वाफा येण्याच्या त्रासासाठी हार्मोन्स देणं हा वेगळा आणि रास्त निर्णय असू शकतो. हृदय वाचवायचं म्हणून मात्र ती घेत नाहीत.

इथपर्यंत मी शरीराबद्दल बोललो. पण ‘लिंग’ वेगळं आणि ‘लिंगभाव’ वेगळा. एक शरीराचा, दुसरा समाजाने वाटून दिलेल्या भूमिकेचा. कॅनडातल्या एका अभ्यासात पंचावन्न वर्षांपर्यंतच्या हृदयरुग्णांना विचारलं गेलं की घरकाम किती करता, घरात मुख्य कमावतं कोण, ताण किती, स्वभाव कसा. ज्यांच्या वाट्याला पारंपरिकपणे ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या भूमिका आणि गुण होते, त्यांना वर्षभरात पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण जास्त होतं. मग तो रुग्ण पुरुष का असेना. हे २०१६ मध्ये वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. म्हणजे आपण जे ‘बाईचं शरीरच असं’ म्हणून खपवतो, त्यातलं काही शरीराचं नसतंच. ते सगळ्यांचं आवरून झाल्यावर उरलेल्या वेळात स्वतःची गोळी घेण्याचं आहे. भावाचा रिपोर्ट आधी दाखवायचा आणि आपला पिशवीत ठेवायचा, याचं आहे. मी नवऱ्यासोबत आलेल्या बाईच्या दंडालाही पट्टा लावून बीपी मोजतो. ‘माझं कशाला?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो.

हार्ट अटॅकच्या लक्षणांबद्दल एक गैरसमज पसरला आहे की बायकांच्या छातीत दुखतच नाही. दुखतं. दोघांतही छातीतलं दुखणं, दाब, जळजळ हेच सर्वात जास्त आढळणारं लक्षण आहे. फरक एवढा की बाईत त्यासोबत धाप, मळमळ, गळून जाणं, जबड्यात किंवा पाठीत कळ या गोष्टी जास्त येतात, आणि ती सांगताना छातीपासून सुरुवात करत नाही. ‘चार दिवस अंगात त्राणच नाही’ इथून करते. ऐकणारा थकव्यावरच थांबला की वेळ जातो. शिवाय अटॅक येऊनही अँजिओग्राफीत मोठा अडथळा न सापडण्याचं प्रमाण बायकांत जास्त आहे. बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात, किंवा धमनीच्या भिंतीचा आतला थर सुटलेला असतो. अशा वेळी ‘अँजिओग्राफी नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवणं चूक आहे. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं असेल तर कारण शोधलंच पाहिजे. ट्रोपोनिनच्या नव्या संवेदनशील चाचण्यांत बायकांसाठी मर्यादा कमी धरतात, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही आता काय करायचं? आठवडाभर घरी बीपी मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, आणि लिहून ठेवा. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) आणि पूर्ण लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पाळी गेल्यावर स्नायू झिजतात आणि साखर वापरणारी मुख्य जागा तीच आहे, म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. वजन पाच ते सात टक्के उतरलं तरी साखर आणि ट्रायग्लिसराइड्स हलतात. काटा हलला नाही आणि टेप दोन सेंटिमीटर आत आला, तर ते यश समजा.

आणि पुढच्या भेटीला जाताना बाळंतपणाचे कागद असतील तर ते घेऊन जा. नसतील तर एका चिठ्ठीवर लिहा: कोणत्या वर्षी, कितव्या महिन्यात, बीपी किती होतं, बाळाचं वजन किती भरलं. ती चिठ्ठी रिपोर्टच्या वर ठेवून द्या.